कलाभवन ते ‘परम’ : बडोद्याचे दोन विद्यार्थी आणि देशी संगणनाच्या दोन मोहिमा

१९६४ साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून एक तरुण पदार्थविज्ञानाची पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडला आणि विद्युत अभियांत्रिकी शिकायला शिकागोला गेला. ओडिशातल्या टिटलागडला एका गुजराती कुटुंबात त्याचा जन्म झाला होता. नाव सत्यनारायण पित्रोदा. पुढे जग त्यांना सॅम पित्रोदा म्हणून ओळखू लागले. चार वर्षांनी, १९६८ साली, दुसरा एक तरुण याच विद्यापीठाची एम.ई. घेऊन दिल्लीच्या आयआयटीकडे वळला. तो अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातला, मुरंबा या खेड्यात जन्मलेला आणि नागपूरला अभियांत्रिकीची पदवी घेतलेला. नाव विजय पांडुरंग भटकर.

पुढच्या दोन दशकांत या दोघांच्या हातून देशी संगणनाच्या दोन सर्वांत मोठ्या मोहिमा उभ्या राहिल्या. ऑगस्ट १९८४ मध्ये पित्रोदांच्या पुढाकाराने सी-डॉट ही संस्था निघाली आणि तिने खेड्यापाड्यांसाठी डिजिटल टेलिफोन एक्सचेंज बनवले. १९८८ मध्ये पुण्यात भटकरांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक सुरू झाली आणि तिने ‘परम’ हा महासंगणक बनवला.

परमची गोष्ट आपल्याकडे एका ठरावीक पद्धतीने सांगितली जाते. अमेरिकेने महासंगणक नाकारला, आपण ईर्ष्येला पेटलो आणि तीन वर्षांत स्वतःचा बनवला. ही गोष्ट खोटी नाही, पण ती फार उशिरा सुरू होते. नकार तर अनेक देशांना मिळाले. नकार मिळाल्यावर कामाला लागू शकतील अशी माणसे ज्या देशाजवळ होती, त्यानेच यंत्र बनवले. ही माणसे कुठे घडली हे पाहायचे, तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या बडोद्यात जावे लागते.

कलाभवन

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला गोपाळ नावाचा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. १८८१ च्या अखेरीस राज्यकारभाराची सूत्रे हाती आल्यानंतर त्यांनी शिक्षणावर जो भर दिला, त्याची तुलना त्या काळच्या फार थोड्या राज्यकर्त्यांशी करता येईल. १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू झाले, १९०६ मध्ये ते संपूर्ण संस्थानात लागू झाले. १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून सयाजीरावांनी गावोगावच्या ग्रंथालयांची व्यवस्था उभारायला घेतली.

संगणकाच्या या कथेच्या दृष्टीने मात्र सर्वांत मोलाचे पाऊल १८९० चे. त्या वर्षी बडोद्यात कलाभवन निघाले. रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर त्याचे पहिले प्राचार्य. त्या काळी उच्च शिक्षण म्हणजे इंग्रजी साहित्य, कायदा आणि सरकारी नोकरी. कलाभवनात रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम, चित्रकला असे हाताचे शिक्षण शास्त्राची बैठक देऊन दिले जात होते. धंद्याचे ज्ञान लोकांच्या भाषेत पोचले पाहिजे, हा गज्जरांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. भारतीय चित्रपटाचा पाया घालणाऱ्या माणसाला तंत्र आणि कला एकत्र शिकवणारी जागा बडोद्यात मिळाली, हा योगायोग नव्हता. गज्जरांच्या आणि त्यांच्या शिष्यांच्या प्रयत्नांतून १९०७ साली अलेम्बिक हा रसायनांचा कारखाना निघाला. शाळेतून प्रयोगशाळा आणि प्रयोगशाळेतून कारखाना, हा क्रम बडोद्याने त्या काळातच करून दाखवला.

सयाजीराव १९३९ साली गेले. विद्यापीठाची कल्पना त्यांच्या हयातीत चर्चेत होती, ती प्रत्यक्षात आली नातू प्रतापसिंहराव यांच्या काळात, १९४९ च्या एप्रिलअखेर. लगेच १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थान संपता संपता मागे राहिलेली ही शेवटची मोठी देणगी. हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू झाल्या आणि कलाभवन या नव्या विद्यापीठाची तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी विद्याशाखा झाले.

साठच्या दशकात पित्रोदा आणि भटकर शिकायला आले, तेव्हा हे शहर झपाट्याने बदलत होते. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ मध्ये सुरू झाला. त्याआधी १९६० साली विक्रम साराभाईंनी बडोद्यात ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप स्थापन केला होता. बाजारपेठेची आकडेवारी गोळा करून गणिताच्या आधारे व्यवहारातले निर्णय सुचवणारी ही देशातली अगदी सुरुवातीची संस्था. मोठी यंत्रणा कशी चालते, तिचे नियंत्रण कसे करायचे, आकड्यांतून अर्थ कसा काढायचा, हे प्रश्न त्या वेळच्या बडोद्यात पुस्तकापुरते उरले नव्हते. शहराच्या वेशीवर ते उभे होते.

आपल्या समाजाला अशा संस्थांचे महत्त्व फार उशिरा कळते. एका मुलाला शिष्यवृत्ती दिली की तिचे फळ दहा वर्षांत दिसते. प्रयोगशाळा उभारली की तिचे फळ पाहायला उभारणारा बहुधा हयात नसतो. १८९० आणि १९८४ यांच्यात चौऱ्याण्णव वर्षांचे अंतर आहे.

टेलिफोनचे सॉफ्टवेअर

शिकागोला गेलेल्या पित्रोदांनी तिथल्या टेलिफोन उद्योगात डिजिटल स्विचिंगचे काम शिकून घेतले. १९७४ मध्ये त्यांनी काही सहकाऱ्यांसह वेस्कॉम स्विचिंग ही कंपनी काढली. १९८० मध्ये ती रॉकवेलने विकत घेतली. त्याच सुमारास दिल्लीला आलेल्या पित्रोदांना हॉटेलातून घरी साधा फोन लावता येईना. खिडकीतून खाली पाहिले तर बंद पडलेल्या टेलिफोनांची अंत्ययात्रा रस्त्यावरून चालली होती. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

त्या काळी सत्तर कोटींच्या देशात टेलिफोनची संख्या तीस लाखांच्याही आत होती. जोडणीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. एक्सचेंज बहुतांश यांत्रिक, आणि धूळ, दमट हवा व उकाडा यांनी खिळखिळी झालेली. परदेशी डिजिटल एक्सचेंज मोठ्या शहरांसाठी आणि वातानुकूलित खोल्यांसाठी बनलेली असत. दोनशे फोन असलेल्या भारतीय गावासाठी यंत्र बनवण्यात कोणत्याही मोठ्या परदेशी कंपनीला रस नव्हता.

पित्रोदांचा प्रस्ताव असा होता की लहान ग्रामीण एक्सचेंजपासून सुरुवात करावी, त्याचेच घटक वापरून पुढे मोठे एक्सचेंज बांधावे, आणि हे सगळे इथल्याच तरुणांनी इथेच करावे. ‘३६ महिने, ३६ कोटी’ ही सी-डॉटची घोषणा प्रसिद्ध आहे. दिल्लीच्या टेलिकम्युनिकेशन रिसर्च सेंटरमध्ये आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, डिजिटल स्विचिंगवर आधीपासून काम झालेले होते. त्यातूनच जी. बी. मीमांसी, डी. आर. महाजन आणि टीआयएफआरचे एम. व्ही. पिटके हे सी-डॉटचे आधारस्तंभ मिळाले. म्हणजे इथेही पाटी कोरी नव्हती. टीआयएफआरमध्ये आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली पन्नासच्या दशकातच टिफ्रॅक हा देशी संगणक बांधला गेला होता आणि १९६० मध्ये तो कामाला लागला होता. त्या परंपरेतली माणसे आता टेलिफोनसाठी उभी राहिली.

डिजिटल एक्सचेंज हा वरून पाहता तारा आणि पेट्यांचा संच वाटतो. आतून तो एक संगणक असतो, आणि त्यातले सर्वांत अवघड काम सॉफ्टवेअरचे. एखाद्या माणसाने रिसीव्हर उचलला की यंत्राने ते ओळखायचे, त्याला डायल टोन द्यायचा, एकेक आकडा टिपायचा, मार्ग शोधायचा, समोर घंटी वाजवायची, उचलल्या क्षणापासून बिलाची नोंद ठेवायची आणि कोणीही केव्हाही फोन ठेवला तर सगळे आवरून घ्यायचे. हे एकाच वेळी शेकडो संभाषणांसाठी करायचे. वापरणाऱ्याचे वागणे कोणत्याही टप्प्यावर बदलू शकते. अर्धवट आकडे फिरवून तो फोन ठेवेल, घंटी वाजत असताना वीज जाईल. बँकेचा हिशेब बिघडला तर रात्री यंत्र थांबवून दुरुस्त करता येतो. एक्सचेंज थांबवता येत नाही. म्हणून महत्त्वाच्या भागांची जोडी ठेवायची, एक भाग पडला की दुसऱ्याने चालू संभाषण न तोडता काम उचलायचे. काळाच्या काटेकोर मर्यादेत चालणारे आणि बिघाड झाला तरी न थांबणारे सॉफ्टवेअर कसे लिहावे, हा आजही संगणकशास्त्रातल्या संशोधनाचा जिवंत विषय आहे. १९८४ साली पंचविशीच्या आसपासची शेकडो मुले-मुली दिल्ली आणि बंगळूरमध्ये बसून त्याच प्रश्नाशी झगडत होती.

जुलै १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूर इथे सी-डॉटचे पहिले ग्रामीण स्वयंचलित एक्सचेंज सुरू झाले. १२८ जोडण्यांची क्षमता, आणि वातानुकूलनाची गरज नाही. खोलीला वातानुकूलन लागू नये यासाठी प्रत्येक भाग किती उष्णता निर्माण करतो याचा विचार करून यंत्राची रचना करावी लागली होती. मोठ्या शहरांसाठीचे एक्सचेंज मात्र ठरल्या मुदतीत आले नाही. त्यावर टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. पण ग्रामीण एक्सचेंज टिकले, देशी कारखान्यांनी परवाना घेऊन ते बनवले, आणि नव्वदच्या दशकात तालुक्यातालुक्यात जे पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ दिसू लागले त्यांच्या मागे या यंत्रांचा मोठा वाटा होता.

क्रेचा नकार

१९८७ साली देशात भीषण दुष्काळ पडला. पाऊस पुढच्या तीन ते दहा दिवसांत कसा वागेल, हे कळले तर शेतकऱ्याला पेरणीचा निर्णय घेता येईल. असा मध्यम पल्ल्याचा अंदाज काढायला वातावरणाची प्रचंड समीकरणे सोडवावी लागतात, आणि त्यासाठी महासंगणक लागतो. त्या काळी महासंगणक म्हटले की अमेरिकेच्या क्रे कंपनीचे नाव पुढे येई.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी भारताला क्रे एक्स-एमपी/२४ हवा होता. या नावातला पहिला आकडा प्रोसेसरांचा, म्हणजे दोन प्रोसेसरांचे यंत्र. अण्वस्त्रे आणि क्षेपणास्त्रांच्या गणितासाठी त्याचा वापर होईल, या शंकेने अमेरिकेने ते द्यायला नकार दिला. बरीच वाटाघाट होऊन एका प्रोसेसरचा एक्स-एमपी/१४ मिळाला, तोही फक्त दिल्लीच्या हवामान केंद्रासाठी आणि वापरावरच्या कडक अटींसह. विज्ञान संस्थेच्या हाती काहीच लागले नाही.

या सुमारास भटकर केरळमध्ये होते. दिल्लीच्या आयआयटीतून १९७२ साली पीएच.डी. घेतल्यानंतर त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सच्या सरकारी संशोधनात काम केले, आणि १९८० पासून ते तिरुवनंतपुरमच्या इलेक्ट्रॉनिक्स संशोधन आणि विकास केंद्राचे प्रमुख होते. उद्योगांसाठीच्या नियंत्रणप्रणाली हे त्यांचे क्षेत्र. देशी महासंगणक बनवता येईल का, या प्रश्नावर त्यांनी दिलेले उत्तर ते पुढे अनेकदा सांगत आले. क्रे विकत घेण्याच्या खटपटीत जितका वेळ गेला त्याहून कमी वेळात आणि त्याच्या किमतीहून कमी खर्चात ते होईल, अशी ग्वाही त्यांनी पंतप्रधान राजीव गांधींना दिली होती. मार्च १९८८ मध्ये सी-डॅकचे काम पुणे विद्यापीठाच्या आवारात सुरू झाले. मुदत तीन वर्षांची होती आणि लक्ष्य सेकंदाला १०० कोटी आकडेमोडींचे.

सी-डॉटप्रमाणेच सी-डॅकही सरकारी खात्याच्या बाहेरची, स्वतंत्र नोंदणी केलेली वैज्ञानिक संस्था होती. हा तपशील कोरडा वाटेल, पण त्याच्यावाचून काही घडले नसते. भरती, खरेदी, पगार, परदेशातल्या कंपन्यांशी बोलणी, हे सगळे खात्याच्या चाकोरीत अडकले असते तर तीन वर्षे निविदा काढण्यातच गेली असती.

अनेक हात आणि एक तवा

क्रेसारखे यंत्र एकदोन अतिवेगवान प्रोसेसरांवर चालत असे. तसा प्रोसेसर बनवण्याची कारखानदारी भारताजवळ नव्हती. दुसरा मार्ग होता तो बाजारात मिळणाऱ्या साध्या प्रोसेसरांची मोठी फौज उभी करून त्यांच्याकडून एकत्र काम करून घेण्याचा. याला समांतर संगणन म्हणतात. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीने ट्रान्सप्युटर नावाची चिप काढली होती. टी-८०० या तिच्या आवृत्तीत आकडेमोड करणारा भाग, स्मृती आणि शेजारच्या चिपशी बोलण्यासाठी चार दुवे एकाच तुकड्यावर होते. टोनी होर यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या, स्वतंत्र प्रक्रिया एकमेकींना निरोप पाठवून कशा काम करतात या सिद्धान्तावर तिची रचना बेतलेली. सी-डॅकने ही चिप निवडली.

पण चिपा एकमेकींना जोडल्या की महासंगणक होत नाही. लग्नघरी पोळ्या लाटायला शंभर बायका बसल्या, पण तवा एकच असेल, तर पोळ्या एका तव्याच्या वेगानेच होणार. प्रत्येक गणितात असा एक तवा असतो, म्हणजे एकामागून एकच करावा लागणारा भाग. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये याचा हिशेब मांडला. कामाचा फक्त १ टक्का भाग असा असला, तर २५६ प्रोसेसर लावूनही वेग सुमारे ७२ पटच वाढतो. तो भाग ५ टक्के असला तर कितीही हजार प्रोसेसर लावा, वेग २० पटींच्या पलीकडे जात नाही. समांतर संगणनाची सारी विद्या हा भाग कमी करण्यात आहे.

हवामानाचे उदाहरण घेतले तर अडचण कळते. देशाच्या नकाशावर चौकटींची जाळी टाकायची आणि एकेका प्रोसेसरला एकेक पट्टा वाटून द्यायचा. पण बंगालच्या उपसागरावर काय चालले आहे हे कळल्याशिवाय विदर्भाचा अंदाज निघत नाही. म्हणून दर टप्प्यानंतर प्रत्येक प्रोसेसरने आपल्या सीमेवरचे आकडे शेजाऱ्यांना कळवायचे. हवामान केंद्रात वापरले गेलेले टी-८० हे प्रारूप तर आणखी कठीण, कारण त्यात वातावरणाचे वर्णन साऱ्या पृथ्वीवर पसरलेल्या लहरींच्या बेरजेतून होते आणि प्रत्येक प्रोसेसरला जवळजवळ सगळ्यांशी बोलावे लागते. निरोपांची गर्दी झाली की गणित थांबते. दोन प्रोसेसर एकमेकांच्या निरोपाची वाट पाहत बसले तर यंत्र कायमचे अडकते. चूक पुन्हा घडवून पाहावी तर ती दिसत नाही, कारण दुसऱ्या वेळी निरोप वेगळ्या क्रमाने आलेले असतात. अशा यंत्रावर साध्या शास्त्रज्ञाला काम करता यावे म्हणून सी-डॅकने ‘परस’ ही प्रोग्रॅमिंगची साधनव्यवस्था बांधली. परमचे खरे देशीपण त्याच्या जोडणीच्या रचनेत आणि या सॉफ्टवेअरमध्ये होते. चिपा तर पैसे देऊन कोणालाही मिळत होत्या.

१९९० मध्ये झुरिचच्या महासंगणक प्रदर्शनात परमचा पहिला नमुना मांडला गेला. १९९१ मध्ये २५६ प्रोसेसरांपर्यंत वाढू शकणारा परम ८००० देशापुढे आला. ठरल्या मुदतीत लक्ष्य गाठले गेले होते. त्याच वर्षी एक परम मॉस्कोच्या संगणक-आधारित अभिकल्प संस्थेत बसवला गेला.

या वाटेवर परम एकटा नव्हता, हेही नोंदवायला हवे. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत १९८६ पासूनच ‘फ्लोसॉल्व्हर’ हे समांतर यंत्र तयार होत होते. भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘अनुपम’ बनवला, संरक्षण संशोधन संघटनेने हैदराबादेत ‘पेस’. सी-डॉटनेही टेलिफोनच्या कामातून मिळवलेले कसब वापरून स्वतःचे समांतर यंत्र बांधले. एकाच विद्यापीठातून निघालेल्या दोन वाटा तिथे पुन्हा जवळ आल्या. चार-पाच ठिकाणी एकाच वेळी हे जमले, याचा अर्थ देशात ती तयारी आधीच झालेली होती.

देवनागरीचा धागा

सी-डॅकच्या या कामाबरोबर दुसरे एक काम पुण्यात आले, आणि मराठी वाचकाच्या रोजच्या आयुष्याला ते महासंगणकापेक्षा जवळचे आहे. कानपूरच्या आयआयटीत १९८३ च्या सुमारास देवनागरीत काम करणारा संगणक तयार झाला होता. मोहन तांबे हे त्यातले प्रमुख नाव. ते आणि त्यांचे काम १९८८ मध्ये सी-डॅकमध्ये आले, आणि साध्या संगणकात बसवून त्यावर भारतीय लिपी आणणारे जिस्ट कार्ड तिथून घरोघर आणि कचेऱ्यांत पोचले.

या कामामागचा विचार पाहण्यासारखा आहे. आपल्या बहुतेक लिपींची वर्णमाला एकाच क्रमाने चालते. क, ख, ग, घ हा क्रम मराठीतही तोच, तमिळचे काही अपवाद सोडले तर दक्षिणेतही तोच. मग अक्षराच्या आकाराला आकडा देण्यापेक्षा उच्चाराला द्यावा, म्हणजे एकाच आकड्यांची रांग देवनागरीत, गुजरातीत किंवा कन्नडमध्ये दाखवता येईल. जोडाक्षर कसे दिसावे हे यंत्राने ठरवावे, लिहिणाऱ्याने नाही. या तत्त्वावरची इस्की ही संकेतपद्धत १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाली. जगभर वापरल्या जाणाऱ्या युनिकोडमधला देवनागरीचा भाग तिच्याच १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेला आहे. आज आपण मोबाइलवर मराठीत जो निरोप लिहितो, त्यातल्या प्रत्येक अक्षराच्या तळाशी हे काम आहे.

हिशेब

या मोहिमांचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. परमनंतर अमेरिकेचे निर्यातनिर्बंध सैल झाले, असे म्हणतात. पण त्याच काळात शीतयुद्ध संपले होते आणि पाश्चात्त्य देशांची निर्यातनियंत्रण समिती १९९४ मध्ये बरखास्त झाली. सगळे श्रेय एका यंत्राला देणे बरोबर नाही. इनमॉसची पुढची चिप वेळेवर आली नाही आणि ट्रान्सप्युटरचा काळ संपला. सी-डॅकला पुढच्या यंत्रांसाठी दुसऱ्या कंपन्यांचे प्रोसेसर घ्यावे लागले. परम १०००० हा मार्च १९९८ मध्ये आला. जून २००३ मध्ये परम पद्म जगातल्या पाचशे वेगवान संगणकांच्या यादीत १७१ व्या स्थानावर होता, नोव्हेंबर २०२० मध्ये परम सिद्धी ६३ व्या. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्याजवळच्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपसह तीन ठिकाणी परम रुद्र बसवले गेले. या सर्व वाटचालीत मुख्य प्रोसेसर परदेशीच राहिला. सी-डॅकचे ‘वेगा’ हे देशी प्रोसेसर अलीकडे आले, ते तीस वर्षे आधी सुरू व्हायला हवे होते. यंत्राची घाई असताना चिपेचा पाया घालायचे राहून गेले, आणि ही या मोहिमांची खरी उणीव आहे.

मात्र जे मिळाले ते मोलाचे आहे. आज खिशातल्या फोनमध्येही आठ-आठ प्रोसेसर असतात, कारण २००५ च्या सुमारास एका प्रोसेसरचा वेग वाढवत नेणे जगभर अशक्य होऊ लागले आणि प्रत्येक कंपनी समांतर संगणनाकडे वळली. कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठी प्रारूपे हजारो प्रोसेसरांवर शिकवली जातात, आणि तिथेही अ‍ॅमडालचा हिशेब, निरोपांची गर्दी आणि अडकलेल्या प्रक्रिया हेच प्रश्न आहेत. पुण्यातल्या आणि दिल्लीतल्या तरुणांनी हे प्रश्न ऐंशीच्या दशकात हातात घेतले होते. त्यांच्यातून घडलेली माणसे पुढे देशातल्या आणि परदेशातल्या संगणक उद्योगात पसरली. संस्थेचे सर्वांत मोठे उत्पादन माणूस असते, हे कलाभवनाच्या बाबतीत जितके खरे होते तितकेच सी-डॉट आणि सी-डॅकच्या बाबतीत खरे ठरले.

म्हणून या इतिहासातून घ्यायचा धडा राष्ट्राभिमानाच्या एका क्षणापुरता ठेवू नये. पित्रोदा आणि भटकर राजधानीच्या नामवंत संस्थांत जन्मापासून वाढलेले नव्हते. एक ओडिशातून, दुसरा वऱ्हाडातून, दोघेही एका प्रादेशिक विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आले आणि तिथून पुढे गेले. आज आपली गुणवान मुले मोजक्या आयआयटींच्या दाराशी रांग लावतात, आणि अमरावती, नांदेड, कोल्हापूर, जळगाव, बडोदे इथल्या विद्यापीठांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात, प्रयोगशाळेतली उपकरणे जुनी होतात. राष्ट्रीय मोहिमा दिल्लीत जाहीर होतात, पण त्या चालवणारी माणसे अशाच विद्यापीठांतून यावी लागतात. ज्यांच्या हाती या संस्थांचे निधी आणि नेमणुका आहेत त्यांनी, आणि ज्यांची मुले तिथे शिकतात त्या पालकांनी, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि शिक्षक या तीन गोष्टींचा आग्रह धरावा. पुढच्या वेळी एखादा देश आपल्याला काही नाकारेल, तेव्हा आपल्याजवळ उत्तर असेल की नाही, हे आज या विद्यापीठांकडे आपण किती लक्ष देतो यावर ठरणार आहे.